औषध कारखान्यांच्या सांडपाण्यावर नॅनोकण: उपाय की पेपरांपुरती हवा?

उत्प्रेरिका:
हैदराबादजवळ पटनचेरूला सुमारे ९० औषध कारखान्यांचं सांडपाणी एका सामायिक प्रकल्पात यायचं. प्रक्रिया होऊन तिथून बाहेर पडणारं पाणी स्वीडनच्या संशोधकांनी तपासलं. २००७ साली छापून आलेला आकडा: लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन ("सिप्रो", एक अँटिबायोटिक). गोळ्या चालू असलेल्या रुग्णाच्या रक्तातही इतकं नसतं! अशा पाण्यात तगून राहतात ते औषधाला दाद न देणारे जिवाणूच.

मुळात त्या प्रकल्पांमध्ये घाण खायला जिवाणूच सोडलेले असतात. जिवाणू मारणारं औषध त्यांनीच संपवावं, ही अपेक्षाच अजब आहे. त्यापेक्षा लोहाचे नॅनोकण (अतिसूक्ष्म कण) आणि हायड्रोजन पेरॉक्साइड वापरा. लोह पेरॉक्साइड फोडतं, त्यातून हायड्रॉक्सिल मूलक (अतिशय क्रियाशील रेणूतुकडे) निघतात आणि समोर येईल त्या रेणूचे लचके तोडतात. फेंटनची ही अभिक्रिया १८९४ची आहे. कण नॅनो केले की पृष्ठभाग कैक पटींनी वाढतो, आणि मॅग्नेटाइटचे (चुंबकाला चिकटणाऱ्या लोह ऑक्साइडचे) असले तर चुंबकाने गोळा करून पुन्हा वापरता येतात.

गाळवाला:
"समोर येईल त्या रेणूचे" इथेच घोडं पेंड खातं. पेपरातले प्रयोग बहुतेक शुद्ध पाण्यात एकच औषध विरघळवून केलेले. कारखान्याच्या पाण्यात विद्रावकं, क्लोराइड, बायकार्बोनेट सगळंच असतं. मूलक त्यांच्यावरच खर्ची पडतात. शिवाय फेंटन नीट चालतं ते पीएच ३च्या आसपास, चांगल्याच आम्लधर्मी पाण्यात. म्हणजे आधी आम्ल ओता, मग चुना ओता, मग लोहाचा गाळ उपसा. तो गाळ कुणाच्या दारात टाकायचा?

तळटीप:
औषध "नाहीसं झालं" म्हणजे नक्की काय झालं? सिप्रोच्या रेणूतलं पिपराझिनचं कडं तुटलं की मोजमापाच्या आलेखावरचं त्याचं शिखर जातं. पण रेणूचा क्विनोलोन नावाचा गाभा शाबूत राहू शकतो, आणि जिवाणूला नडतो तो गाभाच. पेपर वाचताना टीओसी (पाण्यातला एकूण सेंद्रिय कार्बन) किती घटला ते आधी बघा. चांदी आणि कोबाल्टवाले उत्प्रेरक (अभिक्रियेला वेग देणारे पदार्थ) तर मला अजिबात पटत नाहीत, धातू पाण्यात झिरपतो. चांदी स्वतःच जिवाणूनाशक, म्हणजे एक निवडदाब (दाद न देणाऱ्या जिवाणूंनाच तगवणारा दाब) काढून दुसरा घातला.

उत्प्रेरिका:
चांदी मी मागितलीच नव्हती, लोह म्हटलं होतं. आणि पाण्यातल्या औषधाचा पार कार्बन डायऑक्साइड करा असंही नाही. औषधाची धार बोथट करून पाणी जैविक टाकीत सोडा, उरलेलं जिवाणू खातील. नॅनो प्रत्यक्षात चालत नाही म्हणणाऱ्यांनी आयआयटी मद्रासच्या प्रदीप यांचे आर्सेनिक फिल्टर पाहावेत.

गाळवाला:
ते आर्सेनिक शोषून घेतात हो, तोडत नाहीत. मूलद्रव्य तोडणार कसं? स्वित्झर्लंडने २०१६पासून निवडक सांडपाणी केंद्रांना ओझोन नाहीतर सक्रिय कार्बन लावायला सुरुवात केली. कंटाळवाणं आहे, पण चालतं.

उत्प्रेरिका:
ते शहरी सांडपाणी, तिथे मायक्रोग्रॅमच्या गोष्टी. पटनचेरूत मिलिग्रॅम होते.

मुकादम:
तुमचं रसायन चालू द्या, पण विकत कोण घेणार? जानेवारी २०२०च्या केंद्राच्या नियमांच्या मसुद्यात सांडपाण्यातल्या अँटिबायोटिक्सना मर्यादा होत्या. ऑगस्ट २०२१च्या अंतिम अधिसूचनेतून त्या गायब! कुरकुंभची औद्योगिक वसाहत असो की लोट्याची, सामायिक प्रकल्पात सीओडी (घाण नष्ट करायला लागणाऱ्या ऑक्सिजनचा एकत्रित आकडा) मर्यादेत बसला की सगळे खूश. सीओडीच्या आकड्यात अँटिबायोटिक वेगळं दिसतं का? नाही. मग कारखानदार पेरॉक्साइडचे पिंप कशाला उतरवून घेईल?

तळटीप:
+१. आधी मर्यादा, मग उत्प्रेरक.

गाळवाला:
मर्यादा आलीच तर कारखानदार तो दाट प्रवाह आतच वेगळा काढेल आणि जाळेल. सामायिक प्रकल्पापर्यंत येऊच देणार नाही.

उत्प्रेरिका:
मग त्या वेगळ्या काढलेल्या प्रवाहालाच उत्प्रेरक लावा की! पाणी थोडं, औषध भरपूर, क्लोराइडची कटकट कमी.

गाळवाला:
क्लोराइड कमी? अहो, सिप्रो बहुतेक हायड्रोक्लोराइड म्हणून बनतं. त्या पाण्यात काय गुलाबपाणी असणार आहे?