साल्हेरच्या मुक्कामासाठी अडीच हजारांत कोणती स्लीपिंग बॅग घ्यावी?

गोदाकाठ
नमस्कार. आम्ही नाशिकचे चौघे मित्र डिसेंबरमध्ये साल्हेरवर आणि जानेवारीत हरिश्चंद्रगडावर एकेक रात्र मुक्काम करणार आहोत. आजवर घरची चादर आणि शाल यांवर भागवले. परंतु गेल्या वर्षी रतनगडाच्या गुहेत पहाटे तीननंतर कोणाचाच डोळा लागला नाही, म्हणून आता स्लीपिंग बॅग घ्यायचे ठरवले आहे. माझ्याकडे अडीच हजार रुपये आहेत. दुकानात तीन बॅगांवर १५, ५ आणि उणे ५ अंश असे आकडे दिसले. उणे ५ ची घेतली की हिमालयातही चालेल, असे विक्रेत्याचे म्हणणे आहे. तीच घ्यावी का?

सह्यवाटा
पिशवीवरचा मोठा आकडा कशाचा आहे, हे आधी पाहावे. आयएसओ २३५३७ या मानकानुसार तपासलेल्या बॅगेच्या लेबलवर कंफर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम अशी तीन तापमाने दिलेली असतात. कंफर्ट म्हणजे ज्या तापमानाला थंडी सहज न सोसणारी व्यक्तीही आरामात झोपू शकते ते. लिमिट म्हणजे धडधाकट पुरुष अंग आखडून कशीबशी रात्र काढतो ते. आणि एक्स्ट्रीम हा केवळ जीव वाचण्यापुरता आकडा असून त्याचा झोपेशी काहीही संबंध नाही. खरेदी कंफर्टवरूनच करावी.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे खालची मॅट. बॅगेत ऊब धरते ती तंतूंमध्ये अडकलेली हवा, आणि पाठीखालचे तंतू आपल्याच वजनाने दबून सपाट होत असल्यामुळे त्या बाजूने बॅग जवळपास निकामी ठरते. रतनगडावर तुम्हाला जागे ठेवले ते बहुधा वरच्या हवेने नव्हे, तर खालच्या कातळाने. म्हणून अडीच हजारांतले पाचसहाशे रुपये चांगल्या फोमच्या मॅटसाठी बाजूला काढावेत. पिसांची बॅग हलकी असते, पण या पैशांत मिळणार नाही आणि दवाने भिजली की तिची ऊब जाते. आपल्याकडे कृत्रिम तंतूंचीच बरी.

निफाडकर
वरील मताशी मी सहमत आहे, फक्त तापमानाच्या हिशेबाबद्दल थोडे लिहितो. साल्हेर १५६७ मीटर उंच आहे आणि नाशिक सुमारे ६०० मीटरवर, त्यामुळे उंचीबरोबर पारा उतरण्याच्या नियमाप्रमाणे वर सहा अंश अधिक थंडी हवी. मात्र निरभ्र, निवांत रात्री थंड हवा जड होऊन सखल भागात साचते. थंडीच्या लाटेत आमच्या निफाडचा पारा ५ अंशांच्याही खाली येतो आणि शेतकरी द्राक्षबागांत शेकोट्या पेटवतात, ते याच कारणाने. गडावर खरा शत्रू वारा. तेव्हा तंबू ठोकायचाच असेल तर तो उघड्या कड्यावर नको आणि पाण्याकाठच्या खोलगट जागेतही नको. त्यापेक्षा साल्हेरच्या गुहा उत्तम.

हिमालयासाठी आत्ताच पैसे अडकवू नयेत. तिकडे बॅग भाड्याने मिळते आणि अनेक आयोजक ती स्वतःच देतात. सह्याद्रीसाठी कंफर्ट १० च्या आसपासची बॅग आणि आत फ्लीसचे (मऊ, उबदार कृत्रिम कापडाचे) लायनर, म्हणजे सुटे अस्तर, ही जोडी मला अधिक उपयोगी वाटते, कारण ऑक्टोबरात नुसते लायनरही पुरते. जुन्या सुती साडीचे लायनर आमच्या घरी शिवले आहे. त्याने ऊब फारशी वाढत नाही, पण बॅग मळत नाही. (गोधडीला तोड नाही, हे खरेच, पण ती भंडारदऱ्याला गाडीतून न्यावी, पाठीवरून नव्हे.)

सह्यवाटा
लायनरची सूचना योग्य आहे. आणखी एक: तोंड बॅगेच्या आत घेऊन झोपू नये, श्वासाच्या वाफेने आतले तंतू ओलावतात, त्याऐवजी कानटोपी घालावी. घरी आल्यावर बॅग तिच्या छोट्या पिशवीत कोंबून वर्षभर माळ्यावर टाकू नये, कपाटात सैल टांगावी.

गोदाकाठ
आपणा दोघांचे आभार. आज पुन्हा दुकानात जाऊन लेबल नीट वाचले. त्या उणे ५ च्या बॅगेवर आतल्या बाजूला बारीक अक्षरांत कंफर्ट ११, लिमिट ७ आणि एक्स्ट्रीम उणे ५ असे छापलेले आहे. म्हणजे ती हिमालयाची नव्हे, साल्हेरचीच निघाली. सोळाशेला घेतली, उरलेल्या नऊशेत मॅट आणि फ्लीसचे कापड बसवतो.