मदत हवी आहे: नाटकाच्या पुस्तकात देवनागरीत 'आवाज' कसा दाखवायचा?

एका दोन अंकी नाटकाचं पुस्तक डिझाईन करतेय, चार पात्रं, ९६ पानं, छपाई फक्त काळ्या रंगात. लेखकाची परवानगी आहे, पण संवादातला एक शब्दही बदलायचा नाही. डोळ्यासमोर फ्रेंच डिझायनर मासँनी १९६४ मध्ये केलेलं नाटककार आयोनेस्कोच्या नाटकाचं पुस्तक आहे, प्रत्येक पात्राला वेगळा टाईप, पुरुषांचे संवाद सरळ, बायकांचे तिरके आणि सोबत नटांचे कडक काळे-पांढरे फोटो. मला ते अजूनही थक्क करतं!

फोटो झालेत, कॉन्ट्रास्ट वाढवून मधले ग्रे उडवलेत, ते छान बसतायत. चेहरा पानांच्या मधल्या शिवणीत जात होता तोही सरकवला. अडलंय ते अक्षरांत. मुक्ता या देवनागरी फॉन्टची चार वजनं (म्हणजे बारीक ते जाड रूपं) चार पात्रांना दिली, पण दोन पानांनंतर कोण बोलतंय ते कळेनासं होतं. मुक्ताला इटॅलिक नाही, सॉफ्टवेअरमधून तिरकं केलं तर वेलांट्या विचित्र दिसतात. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे दुसऱ्या अंकात आई 'थांब' हा एकच शब्द खूप ओढून म्हणते, तिथे ट्रॅकिंग (अक्षरांमधलं अंतर) वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात, नुसतं आडवं ताणलं तर उभे दांडे जाड होतात.

हाताने लिहून स्कॅन करायचा विचार आहे, पण मग बाकीच्या टाईपशी ते जुळेल का?

शिरोरेषा न तोडता लांबवलेला उच्चार तुम्ही कसा दाखवलाय, आणि चार पात्रांसाठी एकमेकांशेजारी नांदतील असे कुठले देवनागरी फॉन्ट घ्यावेत?