जिन्याखाली बॅटरी नकोच
"जिन्याखालची जागा नाहीतरी रिकामीच असते, बॅटऱ्या तिथे ठेवा" असं घरात वीज साठवायच्या बॅटऱ्या कुठे ठेवायच्या या चर्चेत कुणीतरी सुचवलंय, ते पटलं नाही. आग लागली तर वरच्या मजल्यावरच्यांची उतरायची वाट तीच. ब्रिटनच्या २०२४ च्या पीएएस ६३१०० मानकात घरगुती बॅटऱ्यांसाठी झोपायच्या खोल्या, माळा आणि जिना वर्ज्य ठरवलेत ते उगाच नाही.

आणि चर्चा सगळी लिथियम बॅटऱ्यांचीच चाललीय! आपल्याकडे बऱ्याच घरांत अजून पाणी घालायच्या ट्यूब्युलर (शिसे-आम्लाच्या) बॅटऱ्या आहेत. त्या चार्ज होताना हायड्रोजन सोडतात. हवेत तो ४ टक्के झाला की एक ठिणगी पुरते. हलका असल्यामुळे तो छताशी साठतो, म्हणून फक्त खाली जाळी ठेवून भागत नाही, झरोका वर हवाच. शेजारी देवघर असेल तर समईचाही विचार करा. गच्चीवरची पत्र्याची पेटीही नको, उन्हाळ्यात बॅटरीचं आयुष्य झपाट्याने घटतं.