मदत हवी आहे: घरातल्याच कपड्यांची गोधडी, पण जुनं लुगडं शिवणीत टिकेल का?

आमच्या ओळखीतल्या काही जणींनी मिळून गोधडी शिवायला घेतलीये. दर रविवारी ग्रुपवर एक नमुना येतो, आठवड्याभरात ज्याने त्याने घरी शिवायचा. अट एकच, कापड विकत आणायचं नाही. मी लगेच हो म्हटलं, कारण आमच्या कपाटाचा खालचा कप्पा उघडला की गठ्ठा थेट पायावर येतो.

गठ्ठ्यात आहेत आईची सुती नऊवारी लुगडी (धुऊन धुऊन विरलेली, काठ मात्र शाबूत), लाल पदराचं एक इरकल, खणाचे तुकडे, नवऱ्याचे सुती शर्ट (कॉलर गेलेल्या, पाठ ठणठणीत), जॉर्जेटच्या साड्या आणि पडद्याचं जाड कापड.

पहिला नमुना नऊ चौकोनांचा. नऊ तुकड्यांचा एक ब्लॉक १२ इंची, असे २० करायचे, म्हणजे शिवून ४ बाय ५ फूट. पाव इंच दाब (शिवणीत जाणारी कड) धरून प्रत्येक तुकडा साडेचार इंचाचा कापायचा, एकूण १८० तुकडे. पन्हा ४५ इंच धरला आणि काठ बाजूला काढले तर एका पट्टीत ९ तुकडे निघतात. सगळं एकाच कापडातून काढायचं म्हटलं तरी अडीच वारात भागतं. त्यामुळे कापड पुरेल का हा प्रश्नच नाही.

अडलंय ते असं. लुगड्याचा तुकडा शर्टाच्या तुकड्याला जोडून शिवण दोन्ही हातांनी जरा ताणली, तर लुगड्याच्या बाजूला सुईची भोकं मोठी होताना दिसतात. शर्टाकडची बाजू जशीच्या तशी. लुगडं वगळायचं नाहीये, त्याच्यासाठीच तर हा खटाटोप. शिवाय इरकलच्या लाल रंगाची धास्ती आहे. आणि आत भरायला सोलापुरी चादर चालेल का?

वाकळवाली:
लुगड्यात काही खोट नाही, ते चुकीच्या कामाला लावलंयस. आपल्या गोधडीत खाली अखंड कापड असतं, तुकडे त्यावर ठेवून आरपार धावदोरा घालतात. ओढ बसते ती खालच्या कापडाला आणि शेकडो टाक्यांना. म्हणून विरलेला तुकडासुद्धा वर्षानुवर्षं टिकतो. ब्लॉकच्या पद्धतीत तुकड्याला तुकडा जोडायचा, म्हणजे सगळा भार त्या एका शिवणीवर.

उत्तर कन्नडमधल्या सिद्दी (मूळच्या आफ्रिकी वंशाच्या) समाजातल्या बायका कवंदी नावाची गोधडी शिवतात तीही याच रीतीने. पायाला जुनी साडी, कडेपासून सुरुवात करून तुकडे लावत मध्यापर्यंत यायचं.

तू असं कर. पलंगावरच्या जुन्या पातळ चादरीचे (सोलापुरी नव्हे) साडेबारा इंची चौकोन काप. मधली तीन तुकड्यांची पट्टी त्यावर ठेवून टाचून घे. बाजूची पट्टी तिच्यावर उलटी ठेव, चादरीसकट शिव, मग उलगडून इस्त्री कर. दुसऱ्या बाजूलाही तसंच. आडव्या छोट्या शिवणी उरतात, त्यांच्यावर नंतर हाताने धावदोरा घाल. ग्रुपचा नमुनाही राहील आणि लुगडंही.

उरेब:
रंगाबद्दल. मिठाच्या पाण्यावर विसंबू नका, पक्क्या नसलेल्या रंगाला ते पुरत नाही. पांढरं सुती फडकं ओलं करून पदरावर ठेवा, वरून गरम इस्त्री दाबा. फडक्यावर गुलाबी उतरलं तर तो पदर गोधडीत नकोच, त्याची उशीची खोळ करा आणि वेगळी धुवा. बाकी सगळं सुती कापायच्या आधी एकदा धुऊन घ्या, निदान शर्ट तरी. लुगडी आटायची तेवढी कधीच आटून झाली असणार.

वाकळवाली:
सोलापुरी चादर आत नको. इतकी दाट विणलेली असते की हातसुई आरपार न्यायला प्रत्येक टाक्याला झटापट, आणि धुतल्यावर ओल्या गोधडीचं वजन पेलवणार नाही. दुसरं लुगडं दुहेरी करून घाल, पुण्या-नाशिकच्या थंडीला पुरे. जॉर्जेट सरळ बोहारणीला दे.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. फडक्याची परीक्षा आत्ताच केली. पदर नापास, अंगाचा निळा पास! खणाचं काय करू? जर असलेले खण आहेत.

उरेब:
जर बोचते, आणि गोधडी तोंडावर घेतली जाते. मधल्या ब्लॉकमध्ये एखादा तुकडा ठीक, डोक्याकडच्या ओळीत अजिबात नको.

धागाकर्ती:
आणि कडेच्या गोटाला पडद्याचं कापड चालेल? मजबूत आहे.

वाकळवाली:
कोपऱ्यात घडी बसणार नाही, मशीन तिथेच अडेल. काढून ठेवलेले लुगड्याचे काठ लाव. सरळ कडांना उरेब (तिरकी कापलेली) पट्टी लागत नाही. फक्त काठ पुरतात का ते आधी मोज. चारी बाजू मिळून १८ फूट, वर कोपऱ्यांना आणि जोडांना फूटभर जास्त धर.