मदत हवी आहे: लहान मेंदूत शिकलेलं नेमकं राहतं कुठं?

लातूरहून विचारायलोय, सोमवारी फिजिओलॉजीचा सेमिनार आहे न् डोकं एकाच जागी अडकलंय. सशाला टोन ऐकवून लगेच डोळ्यावर हवेचा झोत मारला, असं लई वेळा केलं की तो नुसत्या टोनवरच डोळा मिटतो, इथपर्यंत कळलं (आमची म्हैस बादली वाजली की पान्हा सोडती, तसलंच). टोन लहान मेंदूत मॉसी फायबर नावाच्या मज्जातंतूनं येतो, झोताची खबर इन्फिरिअर ऑलिव्हमधून (मेंदूच्या देठातला पेशींचा पुंजका) क्लाइंबिंग फायबर नावाच्या दुसऱ्या तंतूनं. पण १९८४ मध्ये मॅकॉर्मिक-थॉम्पसन या संशोधकांनी दाखवलं की इंटरपोझिटस न्यूक्लियसचा (लहान मेंदूत खोलवरचा पेशींचा पुंजका) भाग खराब केला तर शिकलेलं मिटणं जातं, झोतावरचं मात्र राहतं. मग शिकणं लहान मेंदूच्या कॉर्टेक्समधल्या (वरच्या थरातल्या) पर्किंजे पेशीत होतं का न्यूक्लियसमध्ये? न् पर्किंजे तर न्यूक्लियसला दाबून ठेवते, मग ती गप्प बसली की डोळा मिटतो, असं धरायचं का? सोप्या भाषेत सांगा की राव कुणीतरी.