शब्दचर्चा : दिशात्मकता, फैलाव, ध्वनिप्रतिमा (कोल्हापूर; बोलणाऱ्यांची नावं त्यांच्या पेठांवरून)

राजारामपुरी : घरच्या स्टिरिओवर टिपण लिहायचंय. ‘डायरेक्टिव्हिटी’ला ‘दिशादर्शकता’ चालेल का?

शाहूपुरी : नको. दिशादर्शक म्हणजे वाट दाखवणारा. इथं आवाज एका दिशेला किती एकवटतो ते सांगायचंय, तेव्हा ‘दिशात्मकता’ घ्या. ती वाढली म्हणजे झोत अरुंद झाला, हे मात्र पहिल्याच ओळीत लिहा. ‘दिशात्मकता चांगली’ म्हणणाऱ्या पुष्कळांना फैलाव मोठा असं म्हणायचं असतं, म्हणजे नेमकं उलट. कर्ण्याची दिशात्मकता जास्त, म्हणून तर तो लांब पोचतो.

मंगळवार पेठ : आकडे द्या, शब्द पक्का होईल. साडेसहा इंची वूफर (खालच्या स्वरांचा), १ इंची ट्वीटर (वरच्या स्वरांचा), क्रॉसओव्हर, म्हणजे एकाचं काम दुसऱ्याकडं जातं ती जागा, २५०० हर्ट्झ. तिथं तरंगलांबी सुमारे १४ सेंमी, जवळपास वूफरच्या शंकूच्या व्यासाएवढी. वूफरचा झोत आवळलेला असतो. २५०० हर्ट्झच्या लगेच वरच्या स्वरांत ट्वीटर जवळजवळ अर्धगोलात पसरतो. त्यामुळं बाजूच्या भिंतीवर अडीच ते पाच हजार हर्ट्झचा आवाज जादा पडतो, आणि कान तिथंच सर्वांत तिखट. समोरून मोजमाप सपाट (सगळे स्वर सारख्या जोराचे) आलं तरी ध्वनिमुद्रणातली गायिका पसरट ऐकू येते. इक्वलायझर (स्वरांचा जोर कमी-जास्त करणारा) इथं कामाचा नाही, तो समोरचा आणि बाजूचा आवाज एकदमच बदलतो. ट्वीटरला वेव्हगाइड (झोत आवळणारी, तोंडाभोवतीची खोलगट बशी) हवा.

राजारामपुरी : खोली १० बाय १२ फूट. स्पीकर एकमेकांपासून ६ फूट अंतरावर, बाजूच्या भिंतीपासून २ फूट. ऐकणारा स्पीकरांच्या रेषेपासून ७ फुटांवर, मधोमध.

मंगळवार पेठ : मग भिंतीवरून येणारा आवाज थेट आवाजाच्या सुमारे २ मिलिसेकंद मागं असतो. तो वेगळा ऐकू येत नाही, पण गायिका जिथं भासते ती प्रतिमा रुंदावतो किंवा ओढतो. स्पीकर सरळ ठेवले तर तो अक्षापासून (स्पीकरच्या तोंडासमोरच्या सरळ रेषेपासून) ४५ अंशांवर निघतो. तोंडं ऐकणाऱ्याकडं वळवली की ६८ अंशांवर. अजून वळवून अक्ष ऐकणाऱ्याच्या ४ फूट पुढं छेदू द्या, ९० अंशांवर जातो, म्हणजे भिंतीवर आवाज कमी पडतो. वेव्हगाइड असेल तर हे उत्तम जमतं. शिवाय उजवीकडं सरकलात तरी डावा स्पीकर जोर धरतो आणि गायिका मध्ये राहते. वेव्हगाइड नसलेल्या साध्या डोमला (घुमटाकार ट्वीटरला) एवढं वळवलं तर वरचे स्वर मंदावतात.

राजारामपुरी : आणि ‘इमेजिंग’, म्हणजे आवाज कुठून येतो असं भासणं? ‘जागा’ लिहू?

शाहूपुरी : देवल क्लब या संगीतसंस्थेच्या गावात ‘जागा’ म्हटलं की गायकीतलीच, सुरांच्या नक्षीची, आठवते. ‘ध्वनिप्रतिमा’ बरा. एका बाजूला भिंत, दुसरीकडं गॅलरीचं उघडं दार असेल तर ‘प्रतिमा भिंतीकडं ओढली जाते’ असं सरळ लिहा. भिंतीवर घोंगडं लावायचं तर २-३ इंच पोकळी सोडून. चिकटवलं तर फक्त वरचे स्वर शोषले जातात.