शब्दचर्चा : रोबोटच्या ‘लिफ्ट’ला मराठीत काय म्हणावं?

गंगेवरचा

संध्याकाळी दोन तास शाळकरी पोरांच्या रोबोटिक्स टीमबरोबर असतो. पुढच्या महिन्यात पोरं त्र्यंबक रस्त्यावरच्या एका मराठी शाळेत रोबोट दाखवायला नेणार आहेत, त्यासाठी तक्ते मराठीत हवेत. मोटर, गिअर, सेन्सर यांना हात लावणार नाही, ते केव्हाच मराठी झालेत. अडलोय ‘लिफ्ट’वर. लिफ्ट म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यांपुढे सिटी सेंटरची लिफ्ट येते, नाहीतर अंगठा दाखवून मागतात ती.

वस्तू काय आहे ते सांगतो. एफटीसी (फर्स्ट टेक चॅलेंज) या शाळकरी पोरांच्या रोबोट स्पर्धेच्या २०२४-२५ च्या खेळात, ‘इन्टू द डीप’मध्ये, प्लास्टिकचे ठोकळे टोपलीत टाकायचे होते. वरची टोपली ४३ इंचांवर. आणि सुरुवातीला अख्खा रोबोट १८ इंचांच्या चौकोनी खोक्यात मावला पाहिजे. म्हणजे यंत्राने आपल्याच अंगातून वर वाढायचं, ठोकळा टाकायचा आणि परत अंग चोरून बसायचं. आमच्याकडे सरकणारे तीन टप्पे आहेत, दोरी आहे, दोरी गुंडाळायला मोटरवर रीळ आहे. खेळ संपला तरी यंत्र तेच ठेवून त्यात सुधारणा चालू आहेत.

आतापर्यंत सुचलेले शब्द: उद्वाहन, उत्तोलक, तरफ, यारी. एकही जिभेवर बसत नाही.

शासकीय_मराठी

‘उद्वाहन’ची एवढी थट्टा नको. लिफ्ट आणि सरकत्या जिन्यांबद्दल राज्याचा २०१७ चा कायदा आहे, त्यात हाच शब्द आहे, आणि कितीतरी सरकारी इमारतींत दारावर लिहिलेला दिसतो. फक्त तो माणसं नेणाऱ्या पाळण्याचा शब्द आहे, तुमच्या ठोकळ्याला मोठा होईल. ‘यारी’ म्हणजे क्रेन. ती भार टांगून वर घेते आणि बाजूलाही फिरवते, तुमचं यंत्र तसं करत नाही. तरफेला टेकू लागतो. टेकू, भार, बल हे शाळेत पाठ केलंय सगळ्यांनी. तुमच्यात टेकू कुठे आहे?

गंगेवरचा

टेकू पहिल्या रोबोटात होता. एकच लांब हात, खांद्याशी मोटर. हात आडवा झाला की मोटर रडायची. म्हणून तर तो काढला. तरफ बाद.

निफाडची_सून

साधं ‘उचल’ का नको? उद् + चल्, वर हलणं, व्युत्पत्ती अगदी चोख. आमच्याकडे कांद्याचे भाव उचल खातात (खातात तेव्हा!), आणि चढावर दम टाकणाऱ्या गाडीला ‘उचल नाही’ म्हणतात.

सातपूर_टर्नर

ताई, ऊसतोडीच्या टोळीला विचारा उचल म्हणजे काय. हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेले पैसे. तक्त्यावर ‘आमच्या रोबोटची उचल’ लिहिलंत तर लोक विचारतील, कितीची? 😄 त्यात भर म्हणजे उचलेगिरी आणि उचलबांगडी याच घरातल्या.

निफाडची_सून

मान्य. मग ‘-णं’ लावून बघा. लाटायचं ते लाटणं, तसं उचलायचं ते उचलणं. ‘उचलणी’ टाळा. चाळणी, किसणी, गाळणी ही साधनं आहेत, पण पेरणी, मळणी, कापणी ही कामं. इथल्या कानाला ‘उचलणी’ म्हटलं की शेतातलं कामच आठवेल.

सातपूर_टर्नर

नाव काहीही ठेवा, पण आधी सांगा की यंत्र नक्की करतं काय. ३१ वर्षं कंपनीत काढली. आमच्याकडे उचलणं, चढवणं, पेलणं आणि तोलणं ही चार वेगळी कामं होती. चेनपुलीने जॉब उचलायचा, मशीनवर चढवायचा. बेड तो पेलतो. आणि मोठ्या ड्रिलिंग मशीनचं डोकं मागच्या वजनाने तोललेलं असतं, म्हणून ते एका हाताने वरखाली होतं. फिटर लोक खटक्याला ‘कुत्रा’ म्हणायचे, कारण तो एकदा धरला की सोडत नाही. तुमच्या यंत्रात यातलं काय काय आहे?

गंगेवरचा

काका, तुमचा प्रतिसाद शनिवारी पोरांना वाचून दाखवला आणि अर्धा तास भांडण झालं, म्हणून उत्तराला उशीर.

आमची तक्रार अशी होती की लिफ्ट ‘वीक’ आहे. वर जाते, टोपलीपाशी थांबते, आणि टोकाचा ठोकळा धरणारा पंजा उघडेपर्यंत दोन बोटं खाली आलेली असते. पोरं मोटर बदलायला निघाली होती. नववीतली एक मुलगी म्हणाली, “सर, उचलतं बरोबर, पण पेलत नाही.” मग दोन्ही वेगवेगळं तपासलं. आमची दोरी अशी ओवलीय की तिन्ही टप्पे एकदम वाढतात. रिळाने वीतभर दोरी ओढली की वरचा टप्पा तीन विती चढतो. वेग तिप्पट, म्हणून रिळावर भारही तिप्पट. ठोकळा आणि पंजा मिळून अर्धा किलो धरला तर रिळाला तो दीड किलो वाटतो, टप्प्यांचं स्वतःचं वजन वेगळंच. चढताना मोटरला ते जमतं. वर नुसतं धरून उभं राहायचं तर ती न फिरता वीज खात बसते आणि तापते.

मोटर तीच ठेवली. मागच्या बाजूला रबरी नळी ताणून बांधली, ती टप्प्यांना सतत वर ओढते. म्हणजे काकांच्या भाषेत तोललं. रिळाचा व्यास थोडा कमी केला, त्यामुळे वेग थोडा गेला पण जोर आला. आता पंजा उघडेपर्यंत दोरी जागची हलत नाही. रबराने एक नवं दुखणं मात्र दिलं: रिकामं यंत्र खाली यायला कुरकुरतं, म्हणून खाली ओढणारी दुसरी दोरी घालावी लागली.

कोशातला_किडा

दोन दोऱ्या म्हणालात आणि मोट आठवली. सोंडेच्या मोटेला दोन दोर असायचे. जाड तो नाडा, तो वरच्या चाकावरून जाऊन मोटेचं वजन घ्यायचा. बारीक तो सोंदूर, तो खालच्या कण्यावरून, म्हणजे आडव्या रुळावरून, जायचा आणि मोटेची सोंड वर धरून ठेवायचा. बैल धावेवरून (विहिरीपासूनच्या उतारावरून) उतरत गेले की मोट वर यायची, सोंड थारोळ्यात ओढली जायची आणि पाणी आपोआप ओतलं जायचं. तिथे उभं राहून कुणी मोट कलती करत नसे.

गंगेवरचा

थांबा, हे कामाचं आहे. आम्ही टोपलीशी पंजा कलता करायला वेगळी सर्व्हो मोटर (सांगितलेल्या कोनापर्यंत फिरून थांबणारी) लावलीय. तिची वायर टप्प्यांबरोबर वरखाली होते आणि दर आठवड्याला तुटते. सोंदुरासारखी दुसरी बारीक दोरी लावली तर?

सातपूर_टर्नर

लावा की. फक्त दोरीला झोळ पडू देऊ नका. झोळ पडला की दोरी रिळावरून उतरते आणि टप्प्यात चावली जाते, मग पान्हा घेऊन बसा. आणि ते टप्पे सरळ आहेत का बघा. ड्रॉवरचे टेलिस्कोपिक चॅनेल असतील तर ते आडवे लावायला बनवलेले असतात, उभे लावले की डुगडुगतात.

गंगेवरचा

चॅनेलच आहेत काका, हार्डवेअरच्या दुकानातले. डुगडुगतात म्हणून दोन्ही बाजूंना जोडीने लावले, मध्ये आडवी पट्टी. एक बाजू अर्धा सूत पुढे गेली तरी तिरकं होऊन अडकतं, म्हणून दोन्ही रिळं आता एकाच दांड्यावर आहेत.

शासकीय_मराठी

नाव ठरलं का?

गंगेवरचा

ठरलं. अख्ख्या यंत्राला ‘उचलणं’. टप्प्यांना ‘खण’ म्हणायचं, हे पोरांचंच. चॅनेल ड्रॉवरचे म्हणून. वर ओढणारी दोरी नाडा. खाली ओढणारीला अजून नाव नाही, सुचवा. पंजा कलता करणारी दोरी लावून बघितली. पाच वेळा ठोकळा बरोबर टोपलीत, सहाव्यांदा टोपलीच्या काठाला लागून बाहेर. कण्याची जागा अजून थोडी खाली घ्यावी लागेल बहुतेक. तक्त्यावर ‘सोंदूर’ लिहिलंय. खाली मोटेचं चित्र काढायचं म्हणतोय, पण टीममध्ये कुणीच मोट पाहिलेली नाही. कुणाकडे जुना फोटो असेल तर टाका.